घंटीच यादी पुसत होती: ध्वनिस्मृती, नोंद ६

मंडळी, ऐकलेले सूर लक्षात ठेवण्याच्या आमच्या प्रयोगातला, नोंद ५ मधला उलटा निकाल अखेर उलगडला. क्यू, म्हणजे कोणत्या सुरावर लक्ष न्यायचं याची खूण, दिल्यावर उत्तरं सुधारायला हवी होती, पण ती बिघडत होती. कोड तीनदा तपासला, यादृच्छिक क्रम तपासला, उत्तराच्या कळांची अदलाबदल तपासली. चूक तिथे नव्हतीच. क्यू म्हणून जी घंटी वाजत होती, तीच ऐकलेली सुरांची यादी पुसून टाकत होती.

नव्यांसाठी मांडणी थोडक्यात: ४०० ते ८०० हर्ट्झमधले चार सूर, प्रत्येक २५० मिलिसेकंदांचा, मध्ये तेवढीच शांतता. शेवटच्या सुरानंतर १ सेकंदाने क्यू, त्यानंतर दीड सेकंदाने प्रोब, म्हणजे पडताळणीचा सूर. प्रोब यादीतल्या ठरलेल्या जागेच्या सुराशी जुळतो की बदललाय, एवढंच सांगायचं. यादी वाजून गेलेली असते, त्यामुळे कान आता काहीच करू शकत नाही. आत उरलेल्या ठशांपैकी एकावर लक्ष नेता येतं का, हा प्रश्न. डोळ्यांच्या बाबतीत असा मागाहून दिलेला क्यू उपयोगी पडतो, हे ग्रिफिन आणि नोब्रे यांनी २००३ मध्ये दाखवलं. आम्हाला तेच कानाने करायचं होतं, म्हणून क्यूही कानानेच दिला: जितव्या सुरावर लक्ष न्यायचं, तितके घंटीचे ठोके.

इथेच गोम होती. सगळ्या ट्रायल (यादी ते उत्तर अशी एकेक फेरी) एकत्र मोजल्या तेव्हा कारण दिसलं नाही. जागेनुसार वेगळ्या केल्या तेव्हा दिसलं की पहिल्या सुराला फारसा धक्का नाही आणि चौथ्याचं पार वाटोळं. खरं तर यादीतला शेवटचा सूर सगळ्यात पक्का राहायला हवा. क्राउडर आणि मॉर्टन यांनी १९६९ मध्ये हेच मांडलं होतं: यादीच्या शेवटी एक फालतू शब्द ऐकवला, तर शेवटच्या शब्दाचा फायदा नाहीसा होतो, मग तो शब्द लक्षात ठेवायचा नाही असं आधी बजावलं तरी. आमचे ठोके म्हणजे असाच यादीमागे चिकटलेला फालतू आवाज, म्हणजे 'प्रत्यय', आणि चौथ्या जागेसाठी तो चार वेळा. जागा आणि अडथळा एकत्र वाढत होते, म्हणून काय कशामुळे हे वेगळं काढणंच अशक्य होतं.

घंटीचा मूळ स्वर ६२० हर्ट्झ, म्हणजे यादीच्या पट्ट्याच्या मधोमध. याहून वाईट निवड शोधून सापडली नसती. डायना डॉइच यांच्या १९७० च्या प्रयोगात दोन सुरांच्या मध्ये दुसरे सूर वाजवले की पहिल्याची आठवण ढासळली, पण त्याच जागी बोललेले आकडे आले तर जवळजवळ काही बिघडलं नाही. पडताळा म्हणून एका ब्लॉकमध्ये (सलग ट्रायलच्या गटात) ठोक्यांऐवजी "एक", "दोन", "तीन", "चार" असं एकदाच बोललेलं रेकॉर्डिंग टाकलं. चौथा सूर लगेच सावरला. मग आवाजाचा क्यू पूर्ण काढून पडद्यावर मध्यभागी राखाडी आकडा आणला, ३०० मिलिसेकंदांपुरता. ६० हर्ट्झच्या पडद्यावर हे बरोबर १८ फ्रेम होतात. आता शेवटच्या सुराचा फायदा परत आलाय, आणि क्यूचा फायदा प्रथमच सुलट दिशेने दिसतोय, विशेषतः मधल्या दोन सुरांत. तो आलेख पहिल्यांदा बघताना झालेला आनंद शब्दांत मावणारा नाही.

याच धांडोळ्यात दुसरी चूकही सापडली. बिनक्यूच्या ट्रायलमध्ये प्रोब यादीनंतर १ सेकंदात येत होता, क्यूच्या ट्रायलमध्ये अडीच सेकंदांनी. म्हणजे क्यूवाल्या ठशाला विझायला दीड सेकंद जास्त मिळत होता आणि तुलना मुळातच लंगडी होती. आता बिनक्यूच्या ट्रायलमध्ये आकड्याच्या जागी त्याच क्षणी, तेवढाच वेळ फुली दिसते आणि प्रोबही अडीच सेकंदांनीच येतो. जुन्या चारही ब्लॉकचे निकाल बाद धरा.

मोजणीबद्दल एक आग्रह: नुसते बरोबर उत्तरांचे टक्के लिहू नका. बदललेल्या आणि न बदललेल्या ट्रायल निम्म्या-निम्म्या असतील, तर हिट (बदल असताना ओळखला) ८० टक्के व खोटा होकार (बदल नसताना 'बदललाय' म्हटलं) ३० टक्के असला तरी बरोबर ७५ टक्के, आणि हिट ९५ व खोटा होकार ४५ असला तरी ७५च. डी-प्राइम, म्हणजे या दोन्हींवरून काढलेलं फरक ओळखण्याच्या क्षमतेचं माप, मात्र पहिल्यात १.३७ आणि दुसऱ्यात १.७७ येतो. शंभर किंवा शून्य टक्के आले की सूत्र अनंतावर जातं. त्यासाठी सगळ्यांच्याच होकारांच्या संख्येत ०.५ आणि ट्रायलच्या संख्येत १ मिळवून घ्या.

सामानाचं म्हणाल तर ब्लूटूथ हेडफोन या कामाला बादच. उशीर दर जोडणीला बदलतो आणि आवाजही दाबून पाठवला जातो. लॅमिंग्टन रोडवर मिळणारी स्वस्त यूएसबी साउंड कार्डं ऐकवायला चालतात, पण बहुतेकांचा माइकचा मार्ग मोनो असतो. वेळ तपासायला आउटपुट परत आत घेऊन ऑडॅसिटी या ध्वनी-संपादकात बघायचं असेल, तर लाइन-इन असलेला इंटरफेस हवा. सायकोपाय या प्रयोग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजासाठी पीटीबी (सायकटूलबॉक्स) बॅकएंड, लेटन्सी मोड ३, आणि फाइल व कार्ड दोन्ही ४८,००० हर्ट्झवर ठेवा. विंडोजमधली ध्वनी सुधारण्याची सगळी सोय बंद करा, नाहीतर ती हळू सूर आपसूक मोठे करते आणि श्रोता सुराऐवजी आवाजाच्या पातळीवरून उत्तर देतो. सुराच्या दोन्ही टोकांना १० मिलिसेकंदांचा रॅम्प (आवाजाचा हळूहळू चढ-उतार) हवाच. तो नसला तर टक् असा आवाज येतो, म्हणजे पुन्हा प्रत्यय.

मुंबईत शांत खोलीचा हट्ट सोडून द्या. पंख्याची एकसुरी घरघर तितकी छळत नाही. छळतो तो क्षणोक्षणी बदलणारा आवाज, हळू असला तरी. खालून भंगारवाल्याची आरोळी आली की तो ट्रायल बाद. म्हणून मे महिन्यात पंखा बंद करून घामाघूम होण्यापेक्षा खिडकी बंद आणि पंखा चालू हे बरं. जिन्यातून कुणी श्रोत्याचं नाव घेतलं तर पूर्ण ब्लॉक पुन्हा घ्या. लक्ष दुसरीकडे असताना आपलं नाव कानात शिरण्याचं प्रमाण, कॉनवे आणि सहकाऱ्यांच्या २००१ च्या प्रयोगात, कार्यस्मृती (काम करताना गोष्टी मनात धरून ठेवण्याची क्षमता) कमी असलेल्यांत ६५ टक्के होतं आणि जास्त असलेल्यांत २० टक्के. म्हणजे हा अडथळा सगळ्यांना सारखा बसत नाही.

उरलेली डोकेदुखी सरगमची. गाणं शिकलेला श्रोता सूर ऐकतच नाही, तो "ग, प, रे" असे शब्द साठवतो. त्यावर तोडगा म्हणून सप्तकाचे नऊ समान भाग केले: ४००, ४३२, ४६६.६, ५०४ असे. पण नऊ भागांत तिसरी पायरी नेमकी ४०० सेंटवर (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग) पडते, म्हणजे हार्मोनियमचा शुद्ध गंधार. श्रोत्यांनी तो पहिल्याच ब्लॉकमध्ये पकडला. अकरा भाग करून बघायचे आणि दर ट्रायलला खालचा सूर ३५० ते ५०० हर्ट्झमध्ये सरकवायचा, म्हणजे षड्ज कानात बसणार नाही, असं ठरत होतं.

पण हे लिहिता लिहिता वाटतंय की सुरांचाच नाद सोडावा. एकच ५०० हर्ट्झचा सूर घेऊन त्याची थरथर सेकंदाला ६, ९, १३ आणि २० वेळा अशी बदलली, तर त्याला सरगमचं नाव देता येणार नाही. २५० मिलिसेकंदांत ६ हर्ट्झची थरथर दीडच फेरा घेईल, म्हणून ध्वनी ५०० मिलिसेकंदांचे करावे लागतील. यादी लांबेल, पण चालेल.

शिवाय "तिसरा" हा क्यू वापरायला आधी क्रम आठवावा लागतो. डार्विन, टर्वी आणि क्राउडर यांनी १९७२ मध्ये आवाज डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे ठेवून दिशेनेच क्यू दिला होता. तेव्हा नोंद ७ साठी तीनच ध्वनी, तीन दिशा, पडद्यावर बाण आणि थरथरीचे चार वेग. अकरा भागांची फाइल तयार आहे; कुणाला सुरांवरच पुढे जायचं असेल तर ती घ्या, फक्त घंटीचा ट्रॅक आधी काढून टाका.