‘आवाज येत नाही’ : आमची वाटचाल

फर्म सुरू केली तेव्हा बिघडलेला आवाज शोधून देणं हा आमचा व्यवसाय होईल असं आमच्यापैकी कोणालाच वाटलं नव्हतं. आम्ही तिघांनी एका ध्वनिमुद्रण संग्रहासाठी डेस्कटॉपवर चालणारं म्युझिक स्ट्रीमिंग ॲप करायला घेतलं होतं. सदस्याने लॉगिन करावं, यादीतून मैफल निवडावी, ऐकावी, काम एवढंच. मी ध्वनिमुद्रणाच्या बाजूने आलेली, माझा भागीदार प्रोग्रॅमर, आणि सदस्यांच्या मेलना उत्तरं द्यायला तिसरी सहकारी. ॲप ठरल्या दिवशी दिलं. पहिल्याच आठवड्यात मेल यायला लागले आणि त्यातल्या बहुतेकांचा विषय एकच होता : ‘आवाज येत नाही’.

आमचं उत्तरही ठरलेलं असायचं. ॲप काढून टाका, कॉम्प्युटर बंद करून चालू करा, ॲप पुन्हा घाला. हा उपाय अधूनमधून लागू पडायचा, म्हणून आमचा त्याच्यावर विश्वास बसला होता. खरं तर अशा वेळी बरं करायचं ते रीस्टार्टने. अडकलेली ऑडिओ सेवा नव्याने सुरू व्हायची आणि ॲप आउटपुटचा शोध पुन्हा घ्यायचं. श्रेय मात्र आम्ही पुन्हा घातलेल्या ॲपला देत राहिलो.

गाणं शिकवणाऱ्या एक बाई आमच्या सदस्य होत्या. त्यांनी आमच्या सांगण्यावरून तीन वेळा ॲप काढलं आणि घातलं. तिसऱ्या वेळी मी स्वतः फोन केला आणि त्यांची स्क्रीन माझ्याकडे घेतली. गाणं पुढे सरकत होतं, विंडोजच्या व्हॉल्यूम मिक्सरमध्ये आमच्या ॲपपुढची हिरवी पट्टी उड्या मारत होती, आणि खोलीत शांतता. मी सहज विचारलं, “बाई, इतक्यात काही नवीन जोडलंय का?” त्या म्हणाल्या, “मॉनिटर बदललाय, पण त्याचा गाण्याशी काय संबंध?” संबंध होता. एचडीएमआय केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो. नवा मॉनिटर जोडल्याबरोबर सिस्टिमला आवाजाचं एक नवं ठिकाण सापडलं आणि तिने तेच डिफॉल्ट करून टाकलं. मॉनिटरला स्पीकरच नव्हता. आमचं ॲप इमानेइतबारे सगळं संगीत एका मुक्या पडद्याकडे पाठवत होतं. आउटपुटच्या यादीत जुना स्पीकर निवडला आणि गाणं सुरू झालं.

“हे तुम्ही आधीच विचारलं असतंत तर!” एवढंच त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत, म्हणून मला ते जास्त लागलं. एका माणसाचे तीन दिवस आम्ही न विचारलेल्या एका प्रश्नावर गेले होते.

त्या संध्याकाळी भागीदाराने फळ्यावर आवाजाचा रस्ता काढला. सर्व्हर, नेटवर्क, डिकोडर (दाबून लहान केलेली फाइल उलगडणारा), ॲपचा स्वतःचा व्हॉल्यूम, ऑपरेटिंग सिस्टिमचा मिक्सर (सगळ्या ॲपचे आवाज एकत्र करणारा), ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम), उपकरण, वायर किंवा ब्लूटूथ, आणि शेवटी कान. आवाज यातल्या कोणत्या टप्प्यापर्यंत जिवंत आहे, हे आधी शोधायचं, उपाय नंतर. गाणं पुढेच सरकत नसेल तर नेटवर्क, लॉगिन किंवा डिकोडर पाहायचा. सरकतंय पण मिक्सरमधली पट्टी हलत नाही, तर दोष आमच्या ॲपच्या आत. पट्टी हलतेय आणि ऐकू येत नाही, तर आवाज आमच्या हातून सुटून पुढे गेलाय. मग मिक्सरच्या खालचा रस्ता. दोन प्रश्नांत निम्मं घर झाडून व्हायचं.

पट्टीवर विसंबता येतं याला कारण आहे. २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून विंडोजमध्ये प्रत्येक ॲपचा आवाज मिक्सरमध्ये वेगळा दिसतो. २०१८ पासून विंडोज १० मध्ये प्रत्येक ॲपला वेगळं आउटपुटही नेमून देता येतं. सोय उत्तम, पण माणूस ती वापरून विसरतो. एका सदस्याकडे सगळं वाजत होतं, फक्त आमचं ॲप गप्प. त्यांनी कधीतरी ते वायरलेस हेडफोनला नेमून दिलं होतं आणि ते हेडफोन आता जोडलेल्या अवस्थेतच कपाटात होते. ती नोंद विंडोजकडे होती, ॲपकडे नव्हती. ॲप कितीदा बदललं असतं तरी आवाज कपाटाकडेच गेला असता.

मग आम्ही ॲपमध्येच दोन गोष्टी घातल्या. खाली एक बारीक ओळ : ‘आवाज इथे जात आहे’ आणि पुढे उपकरणाचं नाव. शेजारी एक बटण, ते दाबलं की आधी डावीकडून आणि मग उजवीकडून एक साधा सूर वाजतो. तो सूर ॲप जागच्या जागी तयार करतं. त्याला नेटवर्क लागत नाही, डिकोडर लागत नाही. तो ऐकू आला की मिक्सरपासून कानापर्यंतचा रस्ता मोकळा आहे हे कळतं. एकाच बाजूने आला तर अर्धवट बसलेली पिन किंवा डावी-उजवीकडे सरकलेला बॅलन्स. आमच्या सगळ्या कामात मला सर्वांत समाधान या बटणाचं आहे. पुष्कळ सदस्य आता मेल लिहिण्याआधी ते दाबतात आणि स्वतःच उलगडा करून घेतात.

ब्लूटूथच्या तक्रारी वेगळ्या भाषेत यायच्या. “गाणं टेलिफोनवरून ऐकतोय असं वाटतं.” उपमा शब्दशः खरी होती. ब्लूटूथ हेडफोन सहसा दोन रीतींनी बोलतात. संगीतासाठीच्या रीतीत आवाज दोन्ही कानांना वेगवेगळा आणि भरपूर तपशिलासह जातो, पण मायक्रोफोन बंद असतो. हँड्स-फ्री रीतीत मायक्रोफोन चालतो, पण आवाज एकेरी होतो आणि सेकंदाला ८,००० किंवा १६,००० नमुन्यांपर्यंत (आवाजाच्या मोजमापांपर्यंत) खाली येतो. सीडीत ते ४४,१०० असतात. मीटिंगचं कोणतंही ॲप उघडलं आणि त्याने हेडफोनचा माइक धरला की संगीताची रीत सुटते. पुष्कळदा मीटिंग संपलेली असते, पण ॲप मागे चालू असतं आणि माइक सोडलेला नसतो. मीटिंगच्या ॲपमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा माइक निवडायचा. संगीत जागेवर येतं.

त्याच्या जवळची आणखी एक गोष्ट. विंडोजमध्ये कॉल चालू आहे असं वाटलं की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करण्याची सेटिंग असते आणि ती मुळातच चालू असते. ‘गाणं अचानक दबतं’ या तक्रारीला आम्ही आता हीच सेटिंग सर्वांत आधी पाहायला सांगतो.

आता आमच्या चुकीबद्दल. ती सविस्तर सांगायला हवी, कारण फर्म तिच्यामुळे बदलली.

त्याच बाईंचा फोन आला. म्हणाल्या, “आवाज येतोय, स्वच्छ येतोय, पण सूर चढलाय. गाणाऱ्याचा गळा हा नव्हे.” सहकारीने फोन चालू असतानाच तेच गाणं आमच्या मशीनवर लावलं, तिथे बरोबर होतं. बाईंनी हेका सोडला नाही. मी त्यांना एक लांब ध्वनिमुद्रण लावून घड्याळ लावायला सांगितलं. दहा मिनिटांचा तुकडा नऊ मिनिटं अकरा सेकंदांत संपला.

हा आकडा ऐकला आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण तो कुठून येतो हे ध्वनिमुद्रण करणाऱ्या कोणालाही कळतं. संगीताच्या फायली बहुतेक ४४.१ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने. व्हिडिओची दुनिया आणि त्यामुळे पुष्कळशी उपकरणं ४८ किलोहर्ट्झवर चालतात. ४४.१ चे नमुने कोणतंही रूपांतर न करता ४८ च्या वेगाने सोडले की गाणं जवळजवळ ९ टक्के जलद होतं आणि सूर सुमारे दीड अर्धस्वर वर जातो. बरोबर तेच घडत होतं. आमचं ॲप सुरू होताना उपकरणाचा नमुन्यांचा दर एकदाच विचारायचं आणि तो धरून बसायचं. बाई ॲप चालू ठेवूनच स्पीकर काढून दुसरं उपकरण जोडत. दर बदलायचा, ॲपला त्याचा पत्ता नसायचा. आमच्या मशीनवर उपकरण कधी बदललंच जात नसे, म्हणून तिथे सगळं ठीक.

दुरुस्ती छोटी होती : उपकरण बदलल्याची सूचना आली की दर पुन्हा विचारायचा आणि त्यानुसार रूपांतराची जुळणी नव्याने करायची. पण ती करण्याआधी भागीदार आणि मी दिवसभर बोलत बसलो. बाईंचा कान तयार नसता तर हे किती महिने असंच चाललं असतं? संग्रहातली गाणी चढ्या सुरात ऐकून कोणी त्यावर रियाज केला असेल का? संगीत पोचवण्याचं काम हाती घेतलेल्या माणसांकडून सूरच बदलला जावा, याची लाज वाटली. आम्ही सर्व सदस्यांना पत्र लिहिलं. काय चुकलं होतं, कोणत्या परिस्थितीत, आणि कोणत्या आवृत्तीपासून ते दुरुस्त झालं, सगळं साध्या शब्दांत.

त्या पत्रामुळे काम वाढेल असं वाटलं नव्हतं. पण संग्रहाकडून ते पत्र दुसऱ्या एका छोट्या ॲपवाल्यांच्या हाती गेलं आणि त्यांनी विचारलं, आमच्या तक्रारीही पाहाल का? पैशाच्या दृष्टीने ते वर्ष कठीण होतं. ॲप बनवण्याचं काम संपलं होतं आणि तक्रारी सोडवण्याचं काम आम्ही करारात धरलंच नव्हतं. सहकारीचा पगार आम्ही दोघं आमच्या बचतीतून देत होतो. तेव्हापासून बिघाड शोधून देणं हेच आमचं काम झालं आणि त्याचे वेगळे पैसे घ्यायला आम्ही शिकलो. एका ग्राहकाला फक्त छापील उत्तरं पाठवणारी माणसं हवी होती. त्यांना नाही म्हटलं.

नव्या कामात सर्वाधिक वेळ घेते ती खरखर. ‘टक्’, ‘चर्र’, मध्येच अडखळणं, यांची कारणं एकमेकांपासून फार लांब असतात आणि सगळे पहिला दोष इंटरनेटला देतात. सेकंदाला ३२० किलोबिटच्या गाण्याला मिनिटाला २.४ मेगाबाइट लागतात. नेटवर्क कमी पडलं तर गाणं थांबतं, वाट पाहतं, पुन्हा सुरू होतं. बारीक टकटक सहसा पुढच्या टप्प्यावर होते. साउंड कार्डला नमुन्यांचा पुरवठा छोट्या घासांनी होतो. ४८ किलोहर्ट्झला १० मिलिसेकंदांचा घास म्हणजे ४८० नमुने. एखादा घास उशिरा पोचला की तेवढ्या जागी खड्डा, आणि खड्ड्याचा आवाज ‘टक्’. म्हणून आमची पहिली परीक्षा ही की गाणं डाउनलोड करा, इंटरनेट बंद करा, पुन्हा लावा. खरखर तशीच राहिली तर नेटवर्क निर्दोष. मग दुसऱ्या ॲपमध्ये होते का पाहायचं. होत असेल तर ड्रायव्हर, वीज वाचवण्याची सेटिंग, किंवा एकाच यूएसबी हबवर लटकलेली चार उपकरणं. सदस्याने डीएसी (डिजिटल नमुन्यांचा आवाज करणारं छोटं उपकरण) हबमधून काढून थेट कॉम्प्युटरला लावला आणि महिन्याभराची खरखर गेली, असं अनेकदा झालंय.

उलटंही असतं. ‘एक्सक्लुझिव्ह मोड’ चालू केला की ॲप मिक्सरला वळसा घालून उपकरण एकट्याने ताब्यात घेतं. आवाज मूळ दराने जातो, पण बाकी सगळी ॲप गप्प होतात. ज्यांना त्याची गरज कळते त्यांनीच तो चालू करावा असं माझं मत आहे. आमच्या ॲपमध्ये तो मुळात बंद असतो.

तपासणीसाठी आम्ही सदस्यांकडून लॉग, म्हणजे ॲपने ठेवलेल्या नोंदींची फाइल, मागवतो. त्यात एक गोष्ट उशिरा लक्षात आली. लोक आपल्या ब्लूटूथ हेडफोनला स्वतःचं, मुलांचं नाव देतात आणि ती नावं जशीच्या तशी लॉगमध्ये येतात. आवाज दुरुस्त करायला कोणाच्या मुलीचं नाव आम्हाला लागत नाही. आता लॉग सदस्याच्या मशीनवरून निघण्याआधीच ती नावं पुसली जातात आणि फक्त उपकरणाचा प्रकार राहतो.

लिनक्सवरचे सदस्य मोजके, पण त्यांचे मेल वाचायला मला आवडतात; आउटपुटचं नाव, दर, सगळं पहिल्याच मेलमध्ये असतं. त्यांच्याकडे आवाज हाताळणाऱ्या पल्सऑडिओ या प्रोग्रॅमची जागा हळूहळू पाइपवायरने घेतली, तेव्हा आम्हाला दोन्हींवर स्वतंत्र चाचण्या लावाव्या लागल्या.

सध्या टेबलावर सांध्याचं काम आहे. संग्रहातल्या काही लांब मैफली जुन्या एमपी३ तुकड्यांत आहेत. मागे अखंड धरलेला सूर असतो आणि दोन तुकड्यांच्या मध्ये तो क्षणभर तुटतो. एमपी३ मध्ये आवाज १,१५२ नमुन्यांच्या ठोकळ्यांत भरावा लागतो, आणि एन्कोडर (एमपी३ फाइल बनवणारा प्रोग्रॅम) सुरुवातीला व शेवटी थोडी शांतता घालतो. किती घातली हे फाइलमध्ये लिहिलेलं असेल तर प्लेअर ती कापू शकतो. या फायलींत ते लिहिलेलं नाही. मूळ ध्वनिमुद्रणं मिळाली त्यांचे तुकडे आम्ही नव्याने करतोय. जिथे मूळ उरलेलं नाही तिथे प्रत्येक सांधा कानाने ऐकून हाताने कापतोय. एका सांध्याचे दोन पर्याय काल बाईंकडे पाठवले, कोणता कसा केला हे न सांगता. संध्याकाळी त्या हेडफोन लावून बसणार आहेत.