ओठ पुढे, गाणं मागे: वायरमनचा दुसरा म्युझिक व्हिडिओ

मागच्या अपडेटमध्ये ज्याला शिव्या घालत होतो तो लिपसिंकचा घोळ (गायकाचे ओठ आणि गाणं जुळत नव्हतं) सापडला एकदाचा, आणि चूक माझीच निघाली.

नवीन मंडळींसाठी एवढंच, की गाणं ३ मिनिटं ४० सेकंदांचं, अख्खं एका टेकमध्ये, स्लो मोशन. म्हणजे सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, गायकाने त्यावर भराभर ओठ हलवायचे, कॅमेरा सेकंदाला ६० फ्रेमवर (फ्रेम म्हणजे एक चित्र), एडिटची टाइमलाइन ३० वर, की हालचाल निवांत आणि ओठ गाण्याला बरोब्बर. सतराव्या टेकला गड्याने मारलंच!

पण एडिटला बसलो तर पहिलं कडवं चोख, दुसऱ्यात काहीतरी खटकतंय, आणि शेवटच्या ओळीला ओठ मिटलेत तरी आवाज चालूच. सहा-सात फ्रेम. आधी सगळा संशय स्पीकरवर, पण ब्लूटूथने पहिल्या व्हिडिओत हात पोळलेत म्हणून या वेळी सरळ वायर टाकलेली (लिपसिंकला ब्लूटूथ वापरणाऱ्याला माझा दंडवत), आणि तसंही ब्लूटूथचा उशीर सुरुवातीपासून साधारण तेवढाच राहतो, असा वाढत जात नाही. वाढतोय म्हणजे कुठेतरी वेगातच फरक आहे, हे अर्धं आयुष्य मीटर बघण्यात गेलेल्या माणसाला नऊ रात्री सुचू नये?

तर कॅमेरा मेनूत ६० दाखवतो, काढतो ५९.९४. माझी टाइमलाइन पक्की ३०. फरक ०.१ टक्का, २२० सेकंदांत ०.२२ सेकंद, म्हणजे साडेसहा फ्रेम. हिशोब जुळला तेव्हा रात्री दोन वाजता एकटाच ओरडलो.

नेहमीसारखे तीन-तीन सेकंदांचे तुकडे असते तर प्रत्येक शॉट जरासा सरकवून भागलं असतं, कुणाला कळलंही नसतं. पण वनटेकची हौस मलाच. फूटेज ९९.९ टक्के वेगावर ताणून पाहिलं, मध्येच एखादी फ्रेम डबल होते आणि पॅनमध्ये (कॅमेरा आडवा फिरतो तिथे) झटका बसतो. मग २९.९७ ची (५९.९४ च्या बरोब्बर निम्मी) नवी टाइमलाइन, तिथे सगळं आपोआप बसतं, पण टायटल आणि ग्राफिक्सचं दोन आठवड्यांचं काम परत. तरी उद्यापासून तेच करणार.

एक चांगली बातमी, फ्लिकर (चित्रात दिव्यांची लुकलुक) शून्य. लोक ६० ला शटर (प्रत्येक फ्रेमला प्रकाश घ्यायचा वेळ) १/१२० सेकंद ठेवतात, पण ५० हर्ट्झच्या लाइनवर साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात म्हणून मी १/१०० ठेवलं होतं. फिल्म स्कूलचं तोंड पाहिलं नाही, दुसऱ्यांच्या सेटवर फ्यूज बदलता बदलता इथवर आलो, पण लाइटच्या बाबतीत माझ्याशी वाद नको.

थांबा, लिहिता लिहिता सुचलं. फूटेजला हात कशाला लावायचा, गाणंच १००.१ टक्के वेगाने चालवलं तर? सूर जेमतेम पावणेदोन सेंट चढेल (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग).

केलं. शेवटची ओळ चिकटली! नवी टाइमलाइन रद्द. गायकाला फाइल पाठवलीय, काय बदललंय ते सांगितलेलं नाही. बघू त्याच्या कानाला कळतं का.