कढत पाण्यातलं तीन-तीन-चार

आमच्या लॅबमध्ये पीसीआरचं, म्हणजे तापवून-थंडावून डीएनएच्या प्रती काढायचं मशीन दिवसभर चालू असतं, त्यामुळे त्या प्रती बनवणाऱ्या टॅक पॉलिमरेज या एन्झाइमचं कौतुक सारखं कानावर पडतं. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यातला जिवाणू, त्याचं ९५ अंशांनाही टिकणारं एन्झाइम वगैरे. कौतुक रास्तच आहे. पण माझा जीव जडलाय त्या जिवाणूच्या जपानी भाऊबंदावर, थर्मस थर्मोफिलसवर. इझू द्वीपकल्पातल्या मिने इथल्या गरम पाण्याच्या झऱ्यातून शास्त्रज्ञ ताइरो ओशिमांनी तो मिळवला. ८० अंशांतही हा पठ्ठ्या वाढतो.

एन्झाइम टिकलं हो, पण एवढ्या उष्णतेत डीएनएची जोडी का सुटत नाही? आरएनएच्या घड्या का उलगडत नाहीत? यात मोठा हात पॉलिअमाइन नावाच्या छोट्या रेणूंचा. कार्बनच्या साखळीत मधूनमधून नायट्रोजन, त्यांच्यावर धन प्रभार; डीएनए-आरएनए ऋण, म्हणून ती त्यांना बिलगून बसतात. आपल्या पेशींतही असतात. स्पर्मिन घ्या आणि नायट्रोजनांमधले कार्बन मोजा: तीन-चार-तीन. ओशिमांना या जिवाणूत १९७५ साली तीन-तीन-तीनचं थर्मिन सापडलं, १९७९ साली तीन-तीन-चारचं थर्मोस्पर्मिन. पुढे कॅल्डोपेंटामिन, कॅल्डोहेक्सामिन अशी आणखी लांब मंडळी निघाली. माझं आवडतं मात्र फांद्यांचं: मधल्या एकाच नायट्रोजनवरून चौकातल्या रस्त्यांसारख्या चार साखळ्या फुटलेल्या!

तापमान चढवलं की जिवाणूत लांब आणि फांद्यांच्या पॉलिअमाइनांचं प्रमाण वाढतं. लांब असतात ती डीएनएची जोडी सावरतात, फांद्यांची टी-आरएनएला (प्रथिनं बनताना अमिनो आम्लं आणून देणाऱ्या आरएनएला) घट्ट धरतात. ती बनवणारे जनुक काढून टाकले तर जिवाणू कमी तापमानाला तग धरतो, चढत्या तापमानाला वाढेनासा होतो. मला वाटतं, टॅकच्या गोष्टीत सगळं श्रेय प्रथिनांना देऊन आपण मोकळे होतो, तिथेच हा भाग सुटतो.

आणि थर्मोस्पर्मिन कढत पाण्यापुरतं नाहीच. ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या इवल्याशा रोपात एसीएल५ हा जनुक बिघडला की खोड खुरटतं आणि पाणी वाहणाऱ्या झायलेमची बेसुमार वाढ होते. या जनुकाचं एन्झाइम स्पर्मिन बनवतं अशी समजूत होती. २००७ साली कळलं, ते थर्मोस्पर्मिन बनवतं. दोघांचं सूत्र एक, वस्तुमान एक. नेहमीच्या तपासणीत वेगळी काढायला कठीणच.