‘नो डिस्क’ म्हणजे लेन्स गेली, असं नाही

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी अमळनेरच्या दुकानात तीन सीडी प्लेयर एकदमच टेबलावर आले. तिघांची तक्रार एकच, सीडी लागत नाही. सीडी आत घ्यायची तऱ्हा मात्र तिघांची तीन.

पहिला ट्रेवाला. मालक म्हणाले, “भाऊ, ट्रे बाहेर येस नि लगेच मझार जास.” आत गेला की ‘नो डिस्क’. कुणीतरी आधीच लेन्सजवळचा बारीक प्रिसेट, म्हणजे लेझरची ताकद ठरवणारा स्क्रू, फिरवून ठेवला होता, पेचकसाचे ताजे ओरखडे दिसत होते. अशानं चांगला लेझर जळतो. दोष बेल्टचा होता.

ट्रेची मोटर बेल्टनं गिअर फिरवते आणि गिअर ट्रे ओढतो. ट्रे पूर्ण आत आला की तोच गिअर कॅम, म्हणजे उतरत्या-चढत्या कडेचा भाग, फिरवतो. कॅम लेन्स आणि स्पिंडलची, म्हणजे सीडी फिरवणाऱ्या दांड्याची, पाटी वर उचलतो आणि सीडी वरच्या चुंबकाच्या चकतीखाली पक्की धरली जाते. सगळ्यात जास्त जोर या शेवटच्या अर्ध्या इंचाला लागतो. खान्देशच्या उन्हाळ्यानं सैलावलेला रबर ट्रे ओढतो, पण नेमका इथं घसरतो. सीडी अर्धवट धरलेली राहते, डुलते, फोकस मिळत नाही. उघडतानाही ट्रे अडखळतो. काही सेकंदांत ट्रे पोचल्याचं सांगणारा स्विच दाबला गेला नाही, तर काहीतरी अडकलंय असं समजून मोटर चालवणारी आयसी (चिप) मोटर उलटी फिरवते.

माप जुन्या बेल्टवरून घेऊ नये, तो ताणलेला असतो. दोन्ही पुलींभोवती दोरा फिरवायचा. तो 100 मिमी भरला, 6 टक्के कमी केले, म्हणजे 94, 3.14 नं भागून 30 मिमी व्यासाचा, चौकोनी जाडीचा गोल बेल्ट बसवला. फार घट्ट बसवला तर मोटरचे बुश झिजतात. पुलीवर डांबरासारखा चिकटलेला रबर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसला. जुना बेल्ट गरम पाण्यात टाकून पुन्हा बसवणारे आहेत, पण ती दुरुस्ती चार दिवसांची. प्रिसेट स्कोपवर (सिग्नलची लहर दाखवणाऱ्या यंत्रावर) लेन्सकडून येणारा आरएफ सिग्नल बघत मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणला.

दुसरा स्लॉटवाला. यात ट्रे नाही, रबरी रोलरच सीडी ओढतो. आत एकावर एक दोन सीडी आणि रोलरला गुंडाळलेला कापसाचा तंतू. वरच्या सीडीवर चिकटवलेलं लेबल उन्हानं सुटून अडकलेलं. स्लॉट दिसायला देखणा, पण जिनिंगच्या धुळीच्या गावात मला तो पटत नाही. 8 सेंटीमीटरची छोटी सीडी तर बऱ्याच स्लॉटमध्ये घालूच नये.

तिसरा वरच्या झाकणाचा. त्यात सीडी आत घ्यायला ना मोटर, ना बेल्ट. 1982 साली सोनीच्या सीडीपी-101 ला ट्रे होता, फिलिप्सच्या पहिल्या सीडी100 ला वर झाकण. म्हणजे हा वाद सीडीइतकाच जुना. इथं फक्त झाकणाची खुंटी तुटली होती. ती स्विच दाबत नाही, तोवर सीडी फिरतच नाही. स्विच शॉर्ट करणं सोपं, पण मग झाकण उघडं असतानाही 780 नॅनोमीटरचा, डोळ्याला जवळजवळ न दिसणारा लेझर चालू राहू शकतो. 3 मिमीचा प्लास्टिकचा तुकडा चिकटवला.

ट्रेवाला दुपारी पत्र्याखाली तासभर चालू ठेवला आणि तापलेला असतानाच वीस वेळा उघडबंद केला. एकदाही अडखळला नाही, तेव्हाच झाकण लावलं.