१९६८ नव्हेच! काळ्या फ्रेमचा नंबर मी उलटा वाचत होतो

जुन्या सायकलचा चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) निघाला! मंगळवारी रात्री पावणेअकराला शेडमध्ये एकटाच ओरडलो, शेजारच्या कुत्र्यानं साथ दिली. आणि पुढच्या दहा मिनिटांत कळलं, की मागच्या तीन भागांत मी छातीठोकपणे जे लिहिलं होतं, त्यातलं निम्मं पाण्यात गेलंय.

तीच ती इंग्लंडातल्या डर्बीच्या कारबूट सेलमधली (गाड्यांच्या डिकीतून भरणारा जुना बाजार) ४० पौंडांची फ्रेम. कुणा शहाण्यानं काळ्या पावडर कोटिंगमध्ये बुडवून काढलेली, ट्रान्सफर (नावाचं स्टिकर) नाही, हेडबॅज (पुढचा बिल्ला) नाही. बॉटम ब्रॅकेटखाली (पॅडलांचा आस बसतो ती नळी) १९६८ असा चार आकडी नंबर. मी लगेच 'साठच्या दशकाचा शेवट' म्हणून मोकळा झालो होतो. अडचण एकच, चिमट्याच्या उजव्या पायावरचा दिव्याचा बॉस, म्हणजे जोडलेली खुंटी. बॅटरीचा दिवा अडकवायला असा बॉस ब्रेझ करून (पितळेनं जोडून) घ्यायची रीत दुसऱ्या महायुद्धाआधीची आणि पन्नासच्या दशकातली, साठच्या दशकात ती मागे पडली. मग मी सोयीचं उत्तर काढलं: चिमटा दुसऱ्या, जुन्या सायकलचा असणार. तुमच्यापैकी दोघांनी तेव्हाच हटकलं होतं, 'आधी स्टीअरर बघ, मग बोल.' बघायचा कसा? स्टीअरर म्हणजे चिमट्याची फ्रेमच्या आत शिरणारी नळी, तिच्यावरही नंबर असू शकतो; पण तिच्यात बसलेलं स्टेम (हँडल धरणारा दांडा) हलायला तयार नव्हतं.

या स्टेमनं तीन आठवडे खाल्ले. अल्युमिनियमचं स्टेम स्टीलच्या नळीत वर्षानुवर्षं बसलं की दोन्ही एकजीव होतात. बोल्ट चार फेरे सैल करून वर लाकूड ठेवून हातोडी मारली. स्टेम आतून आवळणारा खालचा शंकू सुटला, स्टेम जागच्या जागी. भेदक तेलाचे तीन डबे आणले. महागड्या डब्यानं स्वस्त डब्यापेक्षा काडीचंही जास्त काम केलं नाही, हे लिहून ठेवा. 'काप आणि मोकळा हो' म्हणणारे बरेच भेटले, पण मला जे वाचायचं होतं ते त्याच नळीवर होतं, तिथे करवत चालवायची छाती झाली नाही. शेवटी सुचलं की तेल वरून जातच नाहीये, वरचा सांधा गंजाच्या भुकटीनं बंद झालाय. फ्रेम उलटी टांगली आणि क्राउनच्या (चिमट्याचे दोन पाय जुळतात तो भाग) खालच्या भोकातून नळीत तेल सोडलं. नऊ दिवस रोज थोडं थोडं. दहाव्या दिवशी पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळलं आणि 'कट्' असा आवाज आला. त्या आवाजासाठी मी आणखी ४० पौंड दिले असते.

छर्रे एका डबीत काढले, रॉकेलमध्ये (इथं त्याला पॅराफिन म्हणतात) टूथब्रश बुडवून स्टीअरर घासला. काळ्या ग्रीसखालून चार आकडे वर आले. टॉर्च आडवा धरून पाहिलं, तर १९६८. म्हणजे चिमटा मूळचाच! आठच्या वरच्या गोलाला डावीकडे एक बारीक तुटकी जागा आहे, ती ब्रॅकेटखालच्या आठालाही आहे. पंच (आकडा ठोकायचा ठसा) एकच. आता बॉसला परका म्हणता येईना आणि वर्षही जुळेना.

आणि मग एकाकडे लक्ष गेलं. इंग्रजी एकाला वर जो छोटा तुरा असतो, तो स्टीअररवरच्या आकड्यात खालच्या बाजूला होता. म्हणजे आकडा उलटा धरला होता. नळी फिरवली: ८९६१. पंचांच्या सेटमध्ये बहुधा नऊच पंच येतात, ० ते ८. सहाचाच पंच फिरवून नऊ मारतात. त्यामुळे सहा-नऊ बघून सुलट-उलट कळत नाही, आठाचंही तेच. ब्रॅकेटखाली तर फ्रेम पालथी, तुम्ही पुढून उभे की मागून यावर सगळं ठरतं, आणि एकाचा तुरा पावडरनं बुजवून टाकलेला. वर्षासारखं दिसलं म्हणून मी वर्ष वाचलं, बस्स.

८९६१ हा मला तरी साधा अनुक्रमांक वाटतो. काही बिल्डर (फ्रेम बनवणारे) नंबरात वर्ष घालत, काही नुसते मोजत जात. त्यामुळे पुन्हा फ्रेमकडेच. मागच्या एंडवर (चाकाचा आस बसतो त्या खाचेच्या पट्टीवर) गिअर लटकवायचा हँगर आहे आणि काम्पान्योलो या इटालियन कंपनीची अक्षरं. त्यांचा ग्रान स्पोर्ट गिअर बाजारात आला १९५१ च्या सुमारास, तेव्हा त्याआधीची ही नाही. केबलसाठी एकही ब्रेझ-ऑन (फ्रेमलाच जोडलेली खुंटी) नाही, सगळं क्लिपांवर. मागच्या दोन एंडमधली रुंदी १२६ मिमी भरते, यावरून मी पूर्वी सत्तरच्या दशकापर्यंत गेलो होतो. पण परवा एंड नीट पाहिले तर ते एकमेकांना समांतर नाहीत, बाहेरच्या अंगाला फाकलेत. मूळची १२० ची फ्रेम नंतर कुणीतरी हातानं ताणली आहे. सीटपिन २७.२ ची बसते, म्हणजे डबल-बटेड (टोकांना जाड, मधे पातळ) ५३१ ला, रेनॉल्ड्सच्या पोलादी नळीला, साजेशी. (व्हर्नियर नळीच्या तोंडाशी लावू नका, तिथं नळी लंबगोल झालेली असते. खऱ्या पिना घालून बघा.) ब्रॅकेटचे आटे इंचाला २४, म्हणजे २६ आट्यांची रॅले कंपनीची फ्रेमही बाद. तर पन्नासच्या दशकाचा मध्य, फार तर शेवट.

बिल्डर मात्र अजून अंधारात. लग (नळ्यांच्या सांध्यांवरची कोंदणं) नर्व्हेक्स प्रोफेशनल, आणि तिथंच घोडं अडतं. ते फ्रेंच नक्षीदार लग कार्लटनपासून गिलटपर्यंत कितीतरी जणांनी वापरले. नुसत्या लगवरून बिल्डर ओळखणं म्हणजे पैठणीच्या काठावरून नेसणारीचं नाव सांगण्यासारखं. फरक असतो तो कानशीत. माझ्या फ्रेमवर लगची टोकं इतकी पातळ घासली आहेत की नखाला कड लागत नाही. हे काम तासाच्या हिशेबानं करणाऱ्याचं नव्हे. व्हेटरन-सायकल क्लबच्या जाणकारांना फोटो पाठवले आहेत.

रंगाबद्दल. ठरवलं होतं की सगळं उतरवून निळा मारायचा, ५३१ चे नंतरच्या काळातले ट्रान्सफर तर कार्टमध्येही टाकून ठेवले होते. ते आता रद्द. काल सीट लगमागे पावडरचा टवका निघाला आणि खाली रुपेरी थरावर पारदर्शक लाल दिसला, पन्नासच्या दशकातला फ्लॅम्बॉयंट! नखाएवढाच तुकडा, पण उन्हात धरला की आतून पेटल्यासारखा. आता पावडर उतरवायची ती इंच इंच, खालचं जपत. हल्लीची डायक्लोरोमिथेन नसलेली स्ट्रिपरं (रंग काढायची रसायनं) पावडरवर नुसती घाम पुसल्यासारखी फिरतात, तेव्हा हे काम दिवाळीपर्यंत चालणार. काम्पान्योलोच्याच, पण नंतरच्या काळातल्या पाच स्पीडच्या रेकॉर्ड गिअरचा विचारही सोडला, काळाला धरून काहीतरी शोधतो.

हे लिहिता लिहिता एक डोक्यात आलं: काही बिल्डर मागच्या एंडवरही खूण मारत. उठून टॉर्च घेऊन आलोच. डाव्या एंडच्या आतल्या बाजूला पावडरखाली एक वळण दिसतंय. तीन असेल, आठ असेल, किंवा एखाद्या अक्षराची कड. स्ट्रिपर लावून वर प्लास्टिक गुंडाळलंय, सकाळी बघतो. या वेळी दोन्ही बाजूंनी वाचेन.