पंपाचा आवाज थांबला तेव्हा

बुधवार, सकाळ

रात्री दोनच्या सुमारास जाग आली ती शांततेमुळे. आईच्या हवेच्या गादीचा पंप दिवसरात्र बारीक घरघरत असतो. इतका सवयीचा झालाय की एरवी कानावर पडतही नाही. तो थांबला आणि मी ताडकन उठून बसलो. लाईट अकरालाच गेली होती, पण इन्व्हर्टरवर सगळं चालू होतं म्हणून मी निर्धास्त झोपलो. आता इन्व्हर्टरही बसला होता.

या गादीतल्या नळ्या आळीपाळीने फुगतात आणि बसतात, त्यामुळे अंगाच्या एकाच जागी भार राहत नाही. आई दीड वर्षापासून अंथरुणाला खिळून आहे. स्वतःहून कूस बदलता येत नाही. पंप बंद म्हणजे हवा हळूहळू निघून जाणार. धावत जाऊन आधी नळी पंपापासून सोडवली आणि दुमडून दोऱ्याने घट्ट बांधली. निदान उरलेली हवा तरी आत राहावी.

मेणबत्ती लावली नाही. गादी, चादरी आणि माझे झोपेने जड झालेले डोळे. नकोच ते. मोबाईलचा टॉर्च छताकडे तोंड करून ठेवला, खोलीभर पुरेसा उजेड पसरला.

"लाईट गेली का रे?"

"हो गं, येईल. तुला जरा कुशीवर करतो."

पाठीमागे उशी लावून तिला थोडं कलतं केलं. पूर्ण कुशीवर नाही, नाहीतर सगळं वजन खुब्याच्या हाडावर येतं. दुसरी उशी पोटऱ्यांखाली, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. माकडहाडाजवळची कातडी लालसर वाटली. बोटाने दाबून पाहिली. दाबल्यावर फिकी पडून पुन्हा लाल झाली तर ठीक; लाल ती लालच राहिली तर आत इजा सुरू झालेली असते. त्या उजेडात रंगच कळेना. टॉर्च जवळ आणून तीनदा दाबलं. फिकी पडली. तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

फ्रीज उघडला नाही. दार बंद असलं की आतला गारवा चारेक तास टिकतो आणि तिची वापरात असलेली इन्सुलिनची बाटली बाहेरही काही आठवडे चालते, हे माहीत होतं. तरी हात दोनदा दाराकडे गेला.

मग चारचा गजर लावून तिच्याजवळ बसलो, दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणून. झोप येणार नव्हतीच. मनात हिशोब सुरू झाला. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर, तेही नवी असताना. आमची जुनी झाली आहे, आणि तिच्यातलं पाणी मी कित्येक दिवसांत पाहिलेलं नाही. पाणी कमी होऊन प्लेटा उघड्या पडल्या की बॅटरीची ताकद कायमची घटते. तिच्यावर दोन पंखे, म्हणजे दीडशे वॅट. शिवाय बल्ब, राउटर. आणि पंप? दहा वॅटसुद्धा घेत नाही. रात्री अकरा वाजता माझ्या खोलीतला पंखा बंद केला असता, राउटर काढला असता, तर कदाचित तो पहाटेपर्यंत चालला असता. हे फार लागलं मनाला. मी गार वाऱ्यात झोपलो होतो आणि तिच्या वाट्याची वीज संपत होती.

चारला पुन्हा कूस बदलली. "तू झोप रे थोडा," म्हणाली. तिचा हात हातात घेऊन बसून राहिलो.

पाच चाळीसला लाईट आली. पाचेक मिनिटं थांबून, पुन्हा जात नाही ना पाहून, दोरा सोडला, नळी जोडली, पंप सुरू केला. घरघर सुरू झाली. नळ्या पुन्हा भरायला वेळ लागतो, तोवर तळहात तिच्या कमरेखाली सरकवून गादी वर येताना अजमावत राहिलो. आई झोपली होती. पोटऱ्यांखालची उशी मात्र काढली नाही.

आता आधी बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरतो. मग पंप सोडून बाकी सगळं इन्व्हर्टरवरून काढतो.