सीलबंद दावा

परवा खानापूरकडचा एक माणूस ऑफिसात आला, एका कंत्राटदाराचा जुना कारकून. पिशवीत रस्त्याच्या कामाच्या एमबीच्या (झालेल्या कामाची मापं लिहायची सरकारी वही) झेरॉक्स, सगळ्या कन्नडमध्ये. खडीचा थर कागदावर जाड, रस्त्यावर नावाला. "वकीलसाहेब, आमचं नाव पुढं न येता काय करता येतंय काय?"

अमेरिकेत १८६३ पासून फॉल्स क्लेम्स ॲक्ट आहे, लिंकनच्या काळातला. सरकारला लुबाडणाऱ्यावर साधा माणूस सरकारच्या वतीनं दावा लावू शकतो. खरी गंमत सुनावणीच्या आधीच. दावा सीलबंद दाखल होतो. प्रतिवादीला पत्ता नसतो. दाव्याची प्रत आणि हातातला पुरावा फक्त सरकारला. गुप्तता किमान ६० दिवस, पण सरकार मुदत वाढवून घेतं, कधी वर्षानुवर्षं. (तारीख पे तारीख आपलीच मक्तेदारी नाही.) मग सरकार सामील झालं तर वसुलीतले १५ ते २५ टक्के त्या माणसाला, नाही झालं आणि त्यानं एकट्यानं जिंकलं तर २५ ते ३०. सील निघालं की समोरच्याचा पहिला अर्ज ठरलेला: आरोप मोघम आहेत, दावा फेटाळा. कुठलं बिल, कुणी, कधी, हे मांडलेलं नसेल तर तिथंच कारभार आटोपतो. आणि नाव? सील निघाल्यावर तेही बहुधा उघडं.

आपल्याकडं असा दावाच नाही. गैरप्रकार उघड करणाऱ्याला संरक्षण देणारा २०१४ चा व्हिसल ब्लोअर्स कायदा मंजूर होऊन तसाच पडलाय, लागू झालेला नाही, आणि त्यातही निनावी तक्रार चालत नाही. लोकायुक्तांकडं प्रतिज्ञापत्र लागतं, सहीनिशी.

त्या कारकुनाचा मुलगा, रस्ता ज्या खात्याचा, त्याच खात्यात रोजंदारीवर आहे. मीही घाई केली नाही.